किती सूट देतोस?

1903 पासून 1956 पर्यंत बुलडाणा जिल्ह्यातलं मलकापूर आणि जबलपूर एकाच कारभाराखाली होते. आधी ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’, मग जुना मध्य प्रदेश. त्याच्याही आधी, 1875 च्या पावसाळ्यात, जबलपूरला डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटने ‘ब्लॅक पूल’ या खेळात आणखी रंगीत बॉल मिसळले आणि स्नूकर जन्माला आला. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना हे पाठ असतं. त्या टेबलावर पैसे लागत होते, हे मात्र पुस्तकात सापडत नाही. ब्लॅक पूलमध्ये ज्याचा बॉल पॉकेटमध्ये गेला त्याने दंड मोजायचा, आणि घालणाऱ्याने तो खिशात टाकायचा. पावसाने मैदान बंद, हाताशी पगार आणि समोर हिरवं कापड. खेळ पैशातूनच आला. सभ्यपणा नंतर चिकटला.

पैसे आले की पहिली अडचण उभी राहते ती जोडीची. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात तोडीस तोड पैलवान बघून जोड लावतात. वस्तादाने पठ्ठ्यासमोर एक हात बांधून उतरायचं, असं कुणी म्हणत नाही. टेबलावर तसं भागत नाही. दहा जण खेळणारे, त्यात दोन तयार, बाकीचे कच्चे लिंबू. तयार माणसाने सूट दिली नाही तर दुसऱ्या आठवड्यात त्याच्याशी खेळायला कुणी उरणार नाही. त्या काळचा इंग्लंडचा बिलियर्ड्सचा बादशहा धाकटा जॉन रॉबर्ट्स याला हे पक्कं ठाऊक होतं. नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंनाही हजारो गुणांची आघाडी देऊन तो सामने लावायचा, कारण त्याशिवाय तिकिटं खपेनात. हिंदुस्थानात तो येऊन-जाऊन असायचा, जयपूरच्या महाराजांनी त्याला दरबारी खेळाडू म्हणून नेमलंही होतं. 1885 मध्ये कलकत्त्याला कूचबिहारच्या महाराजांच्या पंगतीत चेंबरलेनशी गाठ पडली आणि रॉबर्ट्सने स्नूकरचे नियम तिथेच समजून घेतले, असं सांगतात.

जिमखान्यातल्या स्पर्धेत सूट ठरवायला समिती असते. तुमचे मागचे निकाल बघून ती सांगते, यांना वीस गुण आगाऊ, त्यांचे दहा वजा. रुसवेफुगवे होतात, पण आकडा तिसऱ्याने ठरवलेला असतो. पैशाच्या डावात तिसरा कुणी नाही. तिथे दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं, आणि हे बोलणं गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून होणाऱ्या सौद्यासारखं चालतं. बैल कसा आहे हे विकणाऱ्याला माहीत, पैसे किती आणलेत हे घेणाऱ्याला माहीत, आणि दोघेही एकमेकांना हातचं राखून सांगतात.

सुटीचे प्रकार तरी किती. पूलमधल्या नऊ बॉलच्या खेळात टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला आधी स्पर्श करावा लागतो आणि 9 नंबरचा बॉल घालेल तो जिंकतो. तयार खेळाडू म्हणतो, ‘तुला 7 दिला.’ म्हणजे कच्च्याने 7 घातला तरी डाव त्याचा, 9 घातला तरी त्याचा. कधी पहिला फटका कायमचा कच्च्याला देतात. ‘वन पॉकेट’ नावाच्या खेळात दोघांना आपापलं एकच पॉकेट असतं आणि आठ बॉल घालायचे असतात. तिथे एकाला दहा आणि दुसऱ्याला सहा असं वाटून घेतात. आपल्याकडच्या छोट्या टेबलांवर सगळ्यात सोपी रीत म्हणजे कच्च्याचे दोन बॉल आधीच काढून ठेवायचे. अमेरिकन जुगारी या सगळ्याला ‘वजन’ म्हणतात, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्याच्या पाठीवर चढवतात तसं.

वजन किती द्यायचं, याचं गणित चकवणारं आहे. समजा दोघांत दहापैकी सहा डाव एक जण जिंकतो. एकच डाव खेळलात तर त्याची बाजू शंभरात साठ. ‘आधी सात डाव जिंकेल तो’ अशी शर्यत लावली की ती सत्याहत्तरपर्यंत जाते, आणि शर्यत एकवीसची केली की नव्वदपर्यंत. फरक तेवढाच, पण लांब शर्यतीत नशिबाला जागा उरत नाही. बरोबरीचा सामना हवा असेल तर एकाने एकवीस आणि दुसऱ्याने चौदा जिंकायचे, असं काहीतरी ठरवावं लागेल. एकवीसपैकी सात डाव फुकट मागायला मात्र जीभ रेटत नाही. मोठ्या पैशाचे सामने लांबच का लावतात आणि त्यात कच्चा माणूस का बुडतो, याचं अर्धं उत्तर या जिभेत आहे. सूट मागायची म्हणजे चारचौघांत स्वतःचा कच्चेपणा आकड्यात सांगायचा. मित्रांसमोर कुणाला ते जमतं? ‘दोन दे, पुरे’ म्हणतो आणि पाचांची गरज असताना दोन घेऊन बसतो.

तयार खेळाडूची लबाडी उलटी. त्याला कमी दिसायचं असतं. या लबाडीची जत्रा भरायची अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या जॉन्स्टन सिटी नावाच्या चारेक हजार वस्तीच्या खाणगावात. जॉर्ज आणि पॉली जॅन्स्को या भावांनी 1961 मध्ये तिथे वन पॉकेटची स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी तिला नऊ बॉल आणि ‘स्ट्रेट पूल’ या खेळांची जोड दिली. स्पर्धा दिवसा आणि संध्याकाळी; टीव्हीवाले येत, टायवाले पंच असत. खरा पैसा रात्री हलायचा. देशभरचे पूलबाज काही आठवडे तिथे तळ ठोकत, आणि स्पर्धेत कोण हरलं यावरून रात्रीची सूट ठरे. मग स्पर्धेत मुद्दाम ढिला खेळणाराही निघणारच. बाजूला उभं राहून पैसे लावणारे वेगळे. खेळाडूचं निम्मं भांडवल त्यांचं. 1972 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी छापा घातला आणि हा सगळा मेळा उठला.

त्याच 1961 मध्ये ‘द हसलर’ हा चित्रपट आला. पॉल न्यूमन तरुण पूलबाज झाला, जॅकी ग्लीसनने ‘मिनेसोटा फॅट्स’ उभा केला. रुडॉल्फ वॉंडरोन नावाच्या एका बोलघेवड्या जुगाऱ्याने लगेच जाहीर केलं की तो फॅट्स म्हणजे मीच, आणि उरलेलं आयुष्य त्या नावावर काढलं. धंद्याच्या दृष्टीने ही मोठीच चूक. ज्याचं नाव झालं त्याला सूट कोण मागणार नाही? 1978 मध्ये टीव्हीवर विली मॉस्कोनीशी त्याचा सामना लागला. मॉस्कोनी शिस्तीचा जगज्जेता, जुगाऱ्यांचा तिटकारा असलेला. त्याने फॅट्सला हरवलं, पण बोलण्यात फॅट्सच वरचढ राहिला. ‘हसलर’ची तांत्रिक बाजू मॉस्कोनीने सांभाळली होती, हा त्यातला गमतीचा भाग.

माझ्या मते या दीडशे वर्षांत नाव लपवण्याची सगळ्यात चोख किंमत वसूल केली ती फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने. 1985 मध्ये तो अमेरिकेत ‘सीझर मोरालेस’ या नावाने उतरला. खरं नाव तिथल्या पूलबाजांच्या कानावर गेलेलं होतं, चेहरा कुणी पाहिला नव्हता. ह्यूस्टनच्या एका क्लबात नऊ बॉलची स्पर्धा त्याने सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकली. गुपित फुटायला वेळ लागला नाही, आणि फुटल्यावर त्याला पैशाचे सामने मिळवायला अवाढव्य सूट द्यावी लागली. 1996 मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलँडशी त्याची बिनसुटीची लढत झाली: तीन दिवस, आधी 120 डाव जिंकेल त्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. रेयेस मधे बराच मागे पडला होता, तरी 120-117 ने जिंकला. एवढ्या लांब शर्यतीत तीनच डावांचा फरक पडला. ही खरी जोड.

समोरचा खेळाडू खरंच कच्चा आहे की सोंग घेतोय, हे कसं ओळखायचं? चुकलेला फटका बघून कळत नाही. बॉल पॉकेटच्या जबड्यात हलवून बाहेर काढणं तयार माणसाला चांगलं जमतं. फटका चुकल्यानंतर पांढरा बॉल कुठे थांबला ते बघायचं. कच्च्याचा पांढरा टेबलभर फिरून कुठेतरी उघड्यावर येतो. सोंगाड्याचा फटका चुकतो आणि पांढरा मात्र नेमका दुसऱ्या बॉलआड जाऊन बसतो. क्यू टेकवायचा डावा हात बघावा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच वर्षानुवर्षांच्या सवयीची असते. तीही लपवता येते म्हणा, पण तासाभराने माणूस विसरतो.

महाराष्ट्रात सुटीवर उघडपणे मोठा पैसा लागतो तो घोड्यांवर. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्याचं रेटिंग ठरतं आणि एका गुणामागे अर्धा किलो वजन चढतं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. टेबलाचं प्रकरण अधांतरी आहे. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं 13 वं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतं. रमीच्या 1967 च्या निकालात न्यायालयाने रमीला कौशल्याच्या बाजूला ठेवलं, पण जागेच्या मालकाने डावातून कमाई केली तर गुन्हा होऊ शकतो, हेही सांगितलं. शिवाय 1872 च्या करार कायद्यानुसार पैज रद्दबातल. जिंकलेल्या पैशासाठी दावा ठोकता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतल्या 500 रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी काढलेल्या वर्गणीला तेवढी मुभा आहे. म्हणजे पूलचा सगळा व्यवहार जबानीवर, आणि जबान फिरली की भांडण.

मलकापूर हे कपाशीचं, जिनिंगचं गाव, मुंबई-नागपूर रेल्वेवरचं आणि पूर्वी सहा नंबरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महामार्गावरचं. बुलडाण्याला जायला इथेच उतरायचं. अशा गावात टेबलावरचा पैसा लाखाचा नसतो. ‘हरेल तो टेबल भरेल’ इथून सुरुवात होते, मग चहा-नाश्ता, मग शंभर-दोनशे. फिरतीवरचा माणूस उतरून तासभर खेळतो आणि त्याची कुवत कुणालाच ठाऊक नसते. तेव्हा बोलणं सुरू होतं.

‘भाऊ, दोन बॉल काढून खेळू?’

‘कायले? बरोबरीतच खेळू ना.’

हा ‘कायले’ महागात पडतो. शंभर रुपयांचा असला तरी हिशेब तोच, जॉन्स्टन सिटीतला. आणि पगारातून किंवा घरून आणलेल्या पैशातले शंभर असे दहादा गेले की पोरगा ‘आता दुप्पट लावू’ म्हणतो. सुटीपेक्षा हे दुप्पट लावणं जास्त वाईट. पहिल्या चुकीत गेलेलं परत आणायला दुसरी चूक.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे बोलणंच कमी होत चाललंय. अमेरिकेत माइक पेज या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने फार्गो शहरातून एक रेटिंग चालू केलं. शंभर गुणांचा फरक असला की वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट डाव जिंकेल, असं ते मांडतं. फोन काढा, दोघांचे आकडे बघा, सूट ठरली. सोंग घ्यायचं तर स्पर्धांमधूनही वर्षानुवर्षं हरत राहावं लागेल. त्यात काय कमवणार? आपल्याकडे ‘एट बॉल पूल’ या मोबाइलच्या खेळाने पोरांना तोडीचा गडी आपोआप जोडून द्यायला सुरुवात केली, खोट्या नाण्यांवर. खऱ्या पैशांवर चालणारे ॲपही आले. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद तिथे उरला नाही. लाकडी टेबल, हिरवं कापड आणि समोर उभा माणूस यांच्यावर त्या कायद्याचा हात नाही. तिथे अजून 1887 चाच कायदा लागतो, आणि सूट ठरवायला अजून दोघेच असतात.