रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याचे आरोग्य

वार्षिक अहवालात आंतररुग्ण, बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे दिले जातात. परंतु प्रत्येक आंतररुग्णासोबत घरातील एक-दोन माणसे रुग्णालयात मुक्कामाला येतात आणि त्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही. औषधे आणणे, रात्र जागवणे, पैशांची जुळवाजुळव करणे आणि घरी दूरध्वनी करून सर्वांना धीर देणे ही कामे तीच करतात. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. परंतु प्रशासनाच्या कामात या माणसांशी दररोज संबंध येतो. त्यांच्या मनावरील ताण शरीरात कसा उतरतो व तो हलका कसा करता येतो, याविषयीची शास्त्रीय माहिती विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे सोप्या शब्दांत ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ताण शरीरात कसा उतरतो

संकट समोर आले की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायूंकडे रक्त धावते आणि पचनाचे काम मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तातील साखर वाढवून शरीराला शक्ती पुरवते. ही व्यवस्था उपकारक आहे. मात्र ती थोड्या वेळासाठी योजलेली आहे.

संकट संपलेच नाही तर काय होते, हा प्रश्न हान्स सेल्ये यांनी अभ्यासला. १९३६ साली त्यांनी उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्रास कोणत्याही प्रकारचा असला तरी शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच होता: प्रथम धोक्याची हाक, मग तग धरणे आणि अखेर शक्तीचा क्षय. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या माणसाचा रक्तदाब वाढणे, झोप मोडणे, मधुमेह आटोक्यात न राहणे आणि प्रतिकारशक्ती मंदावणे ही त्याच मार्गावरील चिन्हे होत.

या विषयातील एक प्रयोग रुग्णांच्या नातेवाइकांविषयीच आहे. अमेरिकेतील ओहायो येथे जॅनिस किकोल्ट-ग्लेसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या आणि त्याच वयाच्या व आर्थिक स्थितीच्या, पण असा भार नसलेल्या १३ स्त्रियांशी त्यांची तुलना केली. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहान जखम करण्यात आली. दुसऱ्या गटातील जखमा सरासरी सुमारे ३९ दिवसांत भरल्या; शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना सुमारे ४९ दिवस लागले. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. गट लहान होते, तरीही मनावरचा भार त्वचेच्या भरून येण्यापर्यंत पोहोचतो, हे त्यातून दिसले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक आजाराचे मूळ चिंतेत शोधू नये. जठरातील व्रण काळजीमुळे होतात, असे कित्येक दशके मानले जात होते. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू असल्याचे दाखवले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून ‘तू फार काळजी करतोस, म्हणूनच आजारी पडलास’ असे रुग्णाला कोणी म्हणू नये. ते बहुधा अपुरे असते आणि त्याने दुःखात अपराधाची भर पडते.

धानाचा हंगाम आणि मनाचा अवकाश

आपला भंडारा जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत घरातील पैसा बांधीत गेलेला असतो आणि तो परत येतो धान विकल्यावर. त्यामुळे रोवणीच्या सुमारास अनेक जण दुखणे अंगावर काढतात. अशा वेळी घरात मोठे आजारपण आले, तर चिंता दुहेरी होते.

या दुहेरी चिंतेचा बुद्धीवर होणारा परिणामही अभ्यासला गेला आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पीक हाती येण्यापूर्वी व आल्यानंतर अशी दोन वेळा चाचणी घेण्यात आली. तीच माणसे पैशांच्या ओढाताणीच्या काळात चाचण्यांत मागे पडली आणि पीक आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा की, चिंता मनातील जागा व्यापते आणि इतर विचारांना ती जागा उरत नाही.

रुग्णालयातील एक नेहमीचा अनुभव यातून उलगडतो. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलेली गोष्ट नातेवाईक अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. औषधाची वेळ चुकते. कागद घरी राहतो. याला निष्काळजीपणा किंवा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. भरलेल्या भांड्यात आणखी पाणी मावत नाही, इतकेच. अशा माणसाला तीच माहिती दुसऱ्यांदा शांतपणे सांगणे आणि कागदावर मराठीत लिहून देणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

सोसण्याच्या दोन रीती

रिचर्ड लाझारस व सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याच्या दोन रीती सांगितल्या. पहिली, अडचणच दूर करण्याची. दुसरी, अडचणीमुळे उठलेली भावना आवरण्याची. जे बदलता येते तेथे पहिली रीत उपयोगी, जे बदलता येत नाही तेथे दुसरी.

खर्चाची चिंता ही बऱ्याच अंशी बदलता येणारी गोष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका यांसारखी कागदपत्रे त्यासाठी लागतात. नातेवाइकांनी ही चौकशी दाखल होतानाच करावी. संकोचाने ती शेवटच्या देयकापर्यंत लांबवू नये.

सिकलसेलग्रस्त लेकरू, अर्धांगवायू झालेले वडील, बरा न होणारा कर्करोग, येथे मात्र दुसरी रीतच हाताशी राहते. मन मोकळे करणे, भजनाला किंवा देवळात बसणे, पहाटे थोडे चालणे, पाळीपाळीने झोप घेणे, या साध्या गोष्टी खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत. खर्रा, दारू व उपाशी राहणे यांनी क्षणभर विसर पडतो आणि एकाच्या आजारात दुसऱ्याची भर पडते. रुग्णासोबत राहणाऱ्याने स्वतःच्या रक्तदाबाची व मधुमेहाची गोळी चुकवू नये, ही विनंती विशेषत्वाने करावीशी वाटते.

धीर देणारा माणूस तज्ज्ञच असावा लागतो असे नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवण्यात आला. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जात, समुपदेशन होई आणि गरज असेल तेथे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले जाई. उपक्रमापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपुलकीने विचारणारे कोणी भेटले की माणसे बोलतात, हा त्याचा आशय आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसणे, अन्नावरची वासना उडणे, कशातच मन न लागणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतूनही.

देणगीदारांस विनंती

यंत्रसामग्री व इमारत यांसाठी देणगी देणे सोपे वाटते, कारण दिलेले डोळ्यांना दिसते. नातेवाइकांसाठी विसाव्याची खोली, दोन वेळचे गरम जेवण, स्वच्छ स्नानगृह आणि त्यांचे म्हणणे ऐकणारा वैद्यकीय समाजसेवक यांवरील खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत नाही. तरी रुग्ण घरी गेल्यानंतरची महिनोन्महिन्यांची शुश्रूषा याच माणसांच्या हातून व्हायची असते. त्यांनी खाट धरली, तर रुग्णालयाने केलेल्या उपचारांचे चीज होणार नाही. आपल्या दानातील काही वाटा या अनोंदित पाहुण्यांसाठी राखावा, अशी सर्व हितचिंतकांस नम्र विनंती आहे.