बेसबॉल समजून घेताना : मैदान तेच, चेंडू वेगळा

मागच्या भागात आपण पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर पाहिलं : १८.४४ मीटर. अमेरिकेत हे अंतर हायस्कूलच्या पोरांना जेवढं, तेवढंच कॉलेजच्या आणि व्यावसायिक खेळाडूंनाही. दोन बेसमधलं अंतरही २७.४३ मीटरच. त्यामुळे शाळकरी मुलगा कॉलेजच्या संघासमोर उतरतो, तेव्हा मैदान त्याच्या सवयीचं असतं. कमी पडतो तो वेळ. ताशी १३० किलोमीटरच्या चेंडूची सवय असलेल्या मुलाकडे १४५ चा चेंडू येतो आणि सुमारे पाच शतांश सेकंद हातातून जातात. मुळात हाती असतो जेमतेम अर्धा सेकंद. बॅट फिरवायची की चेंडू सोडायचा, हे तेवढ्यातच ठरवायचं.

ब्राइस हार्परने हे आव्हान मुद्दाम अंगावर घेतलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये जन्मलेला हा लास वेगासचा मुलगा सोळाव्या वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला होता. हायस्कूलची दोन वर्षं होताच त्याने शाळा सोडली, जीईडी ही समकक्ष परीक्षा दिली आणि ‘कॉलेज ऑफ सदर्न नेवाडा’त नाव घातलं. यामागे ड्राफ्टचा नियम होता. हायस्कूलमध्ये शिकत असलेल्या मुलाला शिक्षण पुरं झाल्याशिवाय मेजर लीगचे संघ निवडू शकत नाहीत. चार वर्षांच्या कॉलेजात गेलं, तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. दोन वर्षांच्या कॉलेजला ही अट नाही. हार्परचं एक वर्ष वाचलं ते असं.

मला त्याच्या निवडीतली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. हे कॉलेज ज्या गटात खेळायचं, तिथे लाकडी बॅट सक्तीची होती. शाळेत ॲल्युमिनियमची बॅट चालते. ती आतून पोकळ. चेंडू आदळला की तिची भिंत किंचित दबते आणि उसळून चेंडूला जास्तीचा वेग देते. फटका थोडा चुकला तरी चेंडू दूर जातो. लाकूड असं काही माफ करत नाही. चेंडू मुठीजवळ लागला, तर हात झिणझिणतात, कधी बॅटच दुभंगते. म्हणजे मोठ्या मुलांचे वेगवान चेंडू आणि वर चुका उघड्या पाडणारी बॅट, दोन्ही एकदमच.

२०१० च्या त्या हंगामात सतरा वर्षांच्या हार्परने ३१ होमरन मारले. कॉलेजचा आधीचा विक्रम १२ चा होता. सरासरी .४४३, म्हणजे दर शंभर प्रयत्नांत चव्वेचाळीस हिट. देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूला मिळणारा गोल्डन स्पाइक्स पुरस्कारही त्याच्याकडेच आला.

पण फटके मोठ्यांचे असले, तरी वय सतराच. कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला, ज्युनिअर कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, पंचांनी त्याला तिसरा स्ट्राइक दिला. चेंडू कुठून बाहेर गेला हे दाखवायला त्याने बॅटने मातीत रेघ ओढली. पंचांनी तिथल्या तिथे बाहेर काढलं. हंगामातली ही दुसरी हकालपट्टी, म्हणून बंदीही आली आणि त्याच्याविना खेळलेला संघ स्पर्धेतून गेला. कौशल्य दोन इयत्ता पुढे नेता येतं. संयमाला अशी वरची इयत्ता मिळत नाही. म्हणूनच हार्परकडे बोट दाखवून मुलांच्या शाळा सोडवायला निघालेल्या पालकांना मी कळकळीने थांबवीन. त्याच्या घरचं पाठबळ आणि त्याची ताकद, दोन्ही विरळा. त्याचा मोठा भाऊ ब्रायन त्याच संघात पिचर होता, हा आधारही लहान नव्हे.

त्याच जूनमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्याची निवड केली, तीही आउटफिल्डर म्हणून. तोवर तो मुख्यतः कॅचर होता. सतत उकिडवं बसून गुडघ्यांची झीज होण्यापेक्षा त्याची बॅट जास्त वर्षं चालावी, हा संघाचा हिशेब. २८ एप्रिल २०१२ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये उतरला. कॅचरच्या शरीराला हे काम इतकं जड का जातं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.