खान्देशचा घाम आणि फेल्डबर्गची जळू

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकला की खान्देशच्या उन्हाची बातमी राज्यभर होते. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या तापी खोऱ्यात तेव्हा हवा कातडीपेक्षा गरम असते, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच आत शिरते. केळीचे घड कापणाऱ्या मजुराला तारतो तो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून गेलेला मात्र वाया!

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निघालेला घामाचा हुकूम मज्जारज्जूतून बाहेर पडतो, मणक्यांच्या दोन्ही बाजूंना माळेसारख्या ओवलेल्या गंडिकांमधून घामाच्या ग्रंथींपर्यंत पोचतो. हा रस्ता स्वायत्त चेतासंस्थेच्या सिम्पथेटिक शाखेचा. ही शाखा बहुतेक अवयवांपाशी नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडते. घामाच्या ग्रंथींपाशी मात्र ती अ‍ॅसिटिलकोलिन सोडते, जे एरवी पॅरासिम्पथेटिक या विरुद्ध शाखेचं रसायन.

हे सिद्ध झालं १९३४ मध्ये, लंडनला. श्रेय हेन्री डेल यांना मिळतं, पण खरी करामत विल्हेल्म फेल्डबर्ग यांची. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये बर्लिनमधली नोकरी गेली, तेव्हा ते डेल यांच्या प्रयोगशाळेत आले आणि येताना जळूची युक्ती घेऊन आले. अ‍ॅसिटिलकोलिन क्षणात विघटित होतं, म्हणून ते सापडतच नसे. एसेरिन हे द्रव्य ते विघटन रोखतं, आणि एसेरिनमध्ये भिजलेला जळूचा स्नायू अ‍ॅसिटिलकोलिनच्या लवलेशानेही आखडतो. मांजराच्या पंजाकडे जाणारी चेता उद्दीपित करून पंजातून आलेला द्रव त्या स्नायूला लावला. स्नायू आखडला!

१९३६ चं नोबेल डेल आणि ओटो लोवी यांना मिळालं. फेल्डबर्ग यांचं नाव त्यात नाही, आणि ते असायला हवं होतं.

एसेरिन करतं तेच काम कपाशीवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं करतात. विषबाधा झालेला फवारणीवाला घामाने निथळतो, तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो. दवाखान्यात दिलं जाणारं अ‍ॅट्रोपिन अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवतं. धोतऱ्यातही तेच असतं, म्हणून धोतरा खाल्लेल्याची कातडी कोरडी आणि तापलेली लागते.

अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि वारंवार लघवी होण्यावरची काही औषधंही याच वाटेने घाम कमी करतात. मनाने ती बंद करू नयेत. पण उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावं, आणि उष्माघाताच्या रुग्णाला दवाखान्यात नेताना त्याच्या रोजच्या गोळ्याही सोबत न्याव्यात.