इंजिनाचा आवाज काय सांगतो?

वर्ध्याच्या एस. टी. स्टँडजवळ घडीभर डोळे मिटून उभे राहावे. बुलेट गेली, ट्रॅक्टर गेला, बस गेली, हे न पाहताही कळते. प्रत्येकीचा आवाज निराळा. असे का बरे होते? ते आज आपण पाहू.

इंजिनाच्या पोटात एक जाड नळी असते. तिला सिलिंडर म्हणतात. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर तो वेगळा. या नळीत पिस्टन नावाचा दट्ट्या खालीवर होतो. तो हवा आत ओढतो. ती दाबतो. मग तेल पेटते, स्फोट होतो आणि पिस्टन जोराने खाली जातो. शेवटी तो धूर बाहेर ढकलतो. ही चार कामे होईतो इंजिनाचा दांडा दोन फेरे फिरतो. म्हणजे दोन फेऱ्यांमागे स्फोट एकच. धूर धक्क्याने बाहेर पडतो, त्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो.

आता उखळ-मुसळ आठवा. एकटी बाई कांडते तेव्हा ‘धप्‌’ होतो, मग थोडा खंड, मग पुन्हा ‘धप्‌’. तिघी पाळीपाळीने कांडू लागल्या की खंड भरून निघतो. इंजिनाचेही तसेच आहे.

विहिरीवरच्या लहान डिझेल इंजिनात बहुधा एकच सिलिंडर असतो. किर्लोस्करांनी 1946 साली पुण्याजवळ खडकीला तेल-इंजिनांचा कारखाना काढला. तेव्हापासून त्यांच्या इंजिनांची डुगडुग आपल्या शिवारात ओळखीची झाली. बुलेट मद्रासला 1955 च्या सुमारास तयार होऊ लागली. तिचाही सिलिंडर एकच. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत तीन असतात. 1983 साली आलेल्या मारुती 800 गाडीत तीन होते, तर जुन्या अँबॅसडरमध्ये चार. मोठ्या बस-ट्रकांत बहुधा सहा.

थोडा हिशोब करू. इंजिन मिनिटाला 1500 फेरे फिरते असे धरा. एका सिलिंडरचे 750 स्फोट होतील. सहांचे 4500 होतील. म्हणजे सेकंदाला 75! इतके धक्के कानाला सुटे ऐकू येत नाहीत. त्यांची एकच घरघर होते.

सगळे सिलिंडर ज्या ओतीव ठोकळ्यात असतात त्याला ब्लॉक म्हणतात. बिडाचा ब्लॉक टिकाऊ, पण जड. हल्ली पुष्कळ मोटारींत तो ॲल्युमिनियमचा असतो. हा धातू हलका आणि लवकर निवणारा, पण मऊ. म्हणून पिस्टन घासतो तिथे बहुधा बिडाची नळी बसवतात.

ब्लॉकमध्ये सिलिंडर एका रांगेत ठेवले तर रचना सोपी होते, पण ब्लॉक लांबतो. सहा एका रांगेत असले की एकाचा हादरा दुसरा सावरतो आणि इंजिन शांत चालते. कुठे कुठे दोन रांगा तिरप्या ठेवतात. दोन तळहात खाली जोडून वर उघडावेत तशा. ब्लॉक आखूड होतो, पण भाग वाढतात आणि खर्चही वाढतो. जर्मनीच्या जुन्या फोक्सवॅगन मोटारीत तर सिलिंडर आडवे, दोन या बाजूला आणि दोन त्या बाजूला. अमेरिकेच्या आठ सिलिंडरांच्या पुष्कळ गाड्यांत एका बाजूचे धक्के सारख्या अंतराने पडत नाहीत. म्हणून त्या गुडगुडतात.

हे सगळे कळून आपल्याला काय उपयोग? ऐका. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर वखरणीच्या दिवसांत लंगडा वाजू लागला. दोन ठोके, मग खंड. आम्ही म्हटले, “भाऊ, मिस्त्रीला दाखवा.” ते म्हणाले, “चालून तर राह्यला ना गुरुजी! पेरणी होऊ द्या, मंग पाहू.”

तिसऱ्या मुसळाची पाळी चुकत होती. त्या सिलिंडरला डिझेल नीट फवारले जात नव्हते. न जळलेले डिझेल आतले वंगण धुऊन काढत होते. दोघांवर तिघांचे ओझे पडले होते. मृगाचा पाऊस पडला आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टर बसला. इंजिन पूर्ण उघडावे लागले. फवारणीचा भाग वेळेवर साफ केला असता तर थोडक्यात भागले असते. दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने मिळेपर्यंत वाफसा निघून गेला.

म्हणून गाडी नीट चालते तेव्हाच तिचा आवाज कानात साठवून ठेवा. तो बदलला की थांबा. धूर काळा किंवा पांढरा झाला का, तेही पाहा. दुरुस्ती मात्र मिस्त्रीलाच करू द्या, कारण डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, असे समजून सायलेन्सर काढू नका. त्याने ताकद वाढत नाही. शेजाऱ्याची झोप तेवढी जाते, आणि कायद्यानेही मनाई आहे. दुसरे असे की, बंद खोलीत किंवा विहिरीत उतरवून इंजिन कधीही चालवू नका. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, आणि माणूस बसल्या जागी मरतो.

गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. तेल कधी बदलायचे, गाळणी कधी साफ करायची, हे तिच्यात लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. आजच ती पेटीतून बाहेर काढा.