‘आय’ आणि ‘मी’ : इंग्रजी सर्वनामांची कर्तृरूपे व कर्मरूपे

इंग्रजी सर्वनामे शिकताना मराठी भाषकाला पहिला चकवा बसतो तो उच्चाराचा. इंग्रजीतील ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे. त्याचा अर्थ ‘मला’. हे साम्य मात्र योगायोगाचे नाही. संस्कृतात कर्त्यासाठी ‘अहम्’ व कर्मासाठी ‘माम्’ अशी रूपे आहेत. इंग्रजीची ‘आय–मी’ ही जोडी तिचीच दूरची नातलग होय. मराठीने ‘अहम्’ सोडला आणि ‘मया’ या तृतीयेच्या रूपापासून आलेला ‘मी’ कर्त्याच्या जागी बसवला.

इंग्रजी नामांचे बहुतेक विभक्तिप्रत्यय मध्ययुगात झिजून गेले. त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म कोणते हे आता शब्दक्रमावरून कळते. सर्वनामांनी मात्र जुना भेद राखला : ही–हिम, शी–हर, वी–अस, दे–देम. (‘यू’ने तोही गमावला.)

एकटे सर्वनाम असताना सहसा चूक होत नाही. ‘अँड’ने दोन पदे जोडली की घोटाळा होतो. ‘सुनीता अँड मी वेंट’ हे प्रमाण लेखनात अशुद्ध ठरते. ‘सुनीता अँड’ वगळून पाहा : ‘मी वेंट’ कानाला खटकते, म्हणून ‘आय’ हवा. हीच कसोटी उलटही लावावी. ‘आय’ अधिक सभ्य, अशी समजूत झालेले लोक ‘ही कॉल्ड सुनीता अँड आय’ किंवा ‘बिटवीन यू अँड आय’ असे लिहितात. पहिल्या वाक्यात सर्वनाम क्रियापदाचे कर्म आहे, दुसऱ्यात ते ‘बिटवीन’ या अव्ययाच्या अधीन आहे. दोन्हीकडे ‘मी’च हवा. ही अतिशुद्धी जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांतही आढळते; शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील एका पत्रातही ती आहे. तेव्हा खजील होण्याचे कारण नाही. उत्तरपत्रिकेत व नोकरीच्या अर्जात मात्र प्रमाण रूपच लिहावे.

मराठी भाषकाची खास अडचण निराळी आहे. ‘मला हे पुस्तक आवडते’, ‘मला भूक लागली’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत असते. आधुनिक इंग्रजी तिला थेट कर्त्याचे आसन देते : ‘आय लाइक धिस बुक’, ‘आय अ‍ॅम हंग्री’. म्हणून ‘मला’ दिसताच ‘मी’ लिहिणे धोक्याचे. ‘त्याने मला पाहिले’ यातील ‘मला’ खरोखरच कर्म आहे, म्हणून तेथे ‘ही सॉ मी’. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीतही ‘आवडणे’ या अर्थाच्या क्रियापदाची रचना मराठीसारखीच होती. आवडणारी वस्तू कर्ता आणि व्यक्ती चतुर्थीत. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द म्हणजे अक्षरशः ‘मला वाटते’!

स्वयं-अध्ययन : पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा आणि प्रत्येक सर्वनामाचे रूप का निवडले ते एका वाक्यात लिहा.
(अ) त्यांनी तिला आणि मला बोलावले.
(आ) तिला ताप आला आहे.
(इ) आम्हांला त्यांचे घर आवडले.