जुन्या लॅपटॉपवरील नवी कार्यप्रणाली आणि मराठी मजकुराचे जतन

प्रस्तावना :
वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या सुमारास व त्यानंतरच्या दशकात महाविद्यालयीन लेखनात संगणकाचा वापर वाढत गेला. युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी टंकलेखन कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमध्ये होत असे. टिपणे, प्रश्नपत्रिका, एम.फिल.चे लघुप्रबंध अशा स्वरूपाचे ते लेखन आजही अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. त्यामुळे नवी कार्यप्रणाली बसविताना या मजकुराचा विचार प्रथम करणे क्रमप्राप्त ठरते.

बदलाची निकड :
विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील इंटेल प्रोसेसर लागतो. जुने लॅपटॉप येथेच अडतात. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' या विनामूल्य लिनक्स प्रणाली उपलब्ध आहेत. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाचे होते. पेन ड्राइव्हवरून मिंट आधी चालवून पाहता येते. वाय-फाय, ध्वनी व प्रिंटर यांची परीक्षा तेव्हाच करून घ्यावी. बॅटरी क्षीण झालेली असल्यास भारनियमनाची वेळ टाळावी. स्थापना अर्ध्यावर तुटली तर डिस्कवरील रचना बिघडू शकते.

मजकूर का हरवतो? :
युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा संकेतांक असतो. कृतिदेवमध्ये तसे नाही. तेथे 'मराठी' हा शब्द इंग्रजी ई, जे, के, बी, एच या अक्षरांच्या संकेतांनी साठविला जातो आणि फाँट त्यांवर देवनागरी आकृती चढवितो. नव्या प्रणालीत तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो व पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसू लागतात. फाइल 'करप्ट' झाली असे समजून ती पुसून टाकली जाण्याचा धोका याच क्षणी असतो. वस्तुतः एकही अक्षर नष्ट झालेले नसते.

म्हणून जुनी प्रणाली चालू असतानाच विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमधील संबंधित फाँट फाइलींसह जतन करावेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या लेखनाची पीडीएफ प्रत काढावी. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत झाला आहे ना, हे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. हीच प्रत पुढे पडताळणीचा आधार ठरते.

युनिकोड रूपांतर :
जतन केलेला फाँट बसविल्यावर जुनी फाइल वाचता येते. परंतु शोध घेणे वा ऑनलाइन पाठविणे यांसाठी युनिकोड रूपांतर हवे. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकित होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. रफाराचा क्रम याच्या उलट. रूपांतरकाला ही उलथापालथ करावी लागत असल्याने चुका बहुधा जोडाक्षरांपाशी होतात. फाँटचे नेमके नाव ठाऊक नसताना रूपांतर करू नये. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या रूपांतरकातून काढल्यास दुसराच गोंधळ हाती येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केले. या पदवीसाठी झालेले लेखन आता नव्याने कोणी करणार नाही, त्यामुळे त्याच्या फाइलींचे मोल अधिकच आहे.

शक्य असल्यास लॅपटॉपमधील हार्डडिस्क पुसू नये. ती काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी. यंत्राची गती जाणवण्याइतकी वाढते आणि जुनी डिस्क कपाटात सुरक्षित राहते. रूपांतरात एखादे प्रकरण बिघडल्याचे सहा महिन्यांनी लक्षात आले, तरी मूळ फाइल तिच्यावर असते.