निष्कास-पुनरभिसरणाची झडप : दोषनिदानाचा एक प्रश्न

अंतर्ज्वलन एंजिनातून जळून बाहेर पडलेल्या वायूंचा काही अंश पुन्हा सिलिंडरात सोडावयाचा, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तिचे कारण रसायनात आहे. हवेतील नायट्रोजन एरवी निष्क्रिय असतो. परंतु ज्वालेचे तापमान सुमारे १८०० केल्विनच्या पलीकडे गेले म्हणजे तो ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो. या ऑक्साइडांच्या व हायड्रोकार्बनांच्या सूर्यप्रकाशातील प्रक्रियेनेच लॉस एंजेलिसवरील कुप्रसिद्ध धुरके निर्माण होत असे. निष्कास वायूतील कार्बन डायऑक्साइड व वाफ जळत नाहीत, उष्णता मात्र शोषून घेतात. त्यामुळे ज्वालेचे तापमान उतरते. हा पुरवठा नियंत्रित करणारी झडप कारखान्यांत ‘ईजीआर व्हॉल्व्ह’ या नावाने ओळखली जाते.

झडप उघडी राहून अडकली, तर मंद गतीला एंजिन थरथरते व बंद पडते. ती मिटलेली राहिली, तर चढावर ठोके ऐकू येतात. येथवर प्रकरण सोपे आहे. खरी अडचण १९९७ नंतरच्या फोर्ड एफ-१५० या पिकअप ट्रकच्या ४.६ लिटर एंजिनासारख्या रचनेत दिसते. तेथे संगणक ‘पी ०४०१’ हा संकेतांक नोंदवितो, आणि मालक तत्काळ नवी झडप विकत आणतो. वस्तुतः या रचनेत संगणकाला झडप दिसतच नाही! निष्कास नळीत एक अरुंद छिद्र असते. त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब दोन रबरी नळ्यांतून एका संवेदकाकडे जातो, आणि दाबांतील फरकावरून प्रवाहाचे अनुमान केले जाते. संकेतांकाचा अर्थ ‘अपेक्षित प्रवाह आढळला नाही’ एवढाच होय. उष्ण व दमट वायूच्या सान्निध्यात राहणारा हा संवेदक झडपेपेक्षा आधी निकामी होतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

म्हणून झडप काढण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. एंजिन मंद गतीला चालू ठेवून झडपेच्या पडद्याला हातपंपाने निर्वात द्यावा. निर्वात टिकत नसेल, तर पडदा फाटला आहे. झडप बदलण्यावाचून गत्यंतर नाही. निर्वात टिकतो, पण एंजिनावर काहीच परिणाम होत नाही, असे असेल तर झडपेचा दांडा अडकला आहे किंवा मार्ग काजळीने बुजला आहे. एंजिन अडखळले, तर झडप व मार्ग दोन्ही निर्दोष ठरतात. अशा वेळी संवेदकाचा व्होल्टेज पाहावा. तो वाढत नसल्यास दोष संवेदकात किंवा त्याच्या नळ्यांत असतो. वाढत असल्यास निर्वात पुरविणाऱ्या सोलेनॉइडकडे व त्याच्या तारांकडे वळावे.

काजळीचा दोष स्वच्छतेने जातो. झडप सोडवून तिची बैठक व दांडा कार्ब्युरेटर क्लीनरने धुवावा. मात्र हा द्राव पडद्यावर पडू देऊ नये. थ्रॉटलजवळचा मार्ग लवचीक तारेने खरवडावा आणि गॅस्केट नवे बसवावे. झडपेच्या तोंडावर पत्रा ठोकून मोकळे होणारेही काही आहेत. पण त्यामुळे ठोके थांबत नाहीत आणि ऑक्साइडे वाढतात.

दुरुस्तीनंतर संकेतांक पुसला म्हणजे दिवा विझतो. पण तो दुरुस्तीचा पुरावा नव्हे. संगणक ही चाचणी एंजिन तापल्यावर, रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना घेतो. तोवर निकाल राखून ठेवावा.